प्रार्थना, मत आणि कौल

मराठीत काही शब्द इतक्या वाटांनी आले आहेत की बोलणाऱ्यास त्यांची पहिली वाट आठवत नाही. 'कौल' हा त्यांपैकी एक. मूळ अरबीत त्याचा अर्थ बोल किंवा वचन. महसुली दप्तरात तो शिरला तेव्हा सरकारने रयतेस लिहून दिलेले अभय तो कौल झाला. कोकणातल्या देवळात तो गेला, आणि गुरवाने देवाच्या अंगाला लावलेल्या पाकळ्यांपैकी उजवीकडची आधी पडली की डावीकडची, यावरून कळणारी देवाची इच्छा तो कौल ठरला. पुढे वृत्तपत्रांनी त्यास निवडणुकीत आणले, आणि मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी 'जनतेचा कौल' ही अक्षरे वाचण्याची आपणां सर्वांस सवय झाली. सरकारचे वचन, देवाची इच्छा आणि लोकांचा निर्णय, अशा तीन निरनिराळ्या गोष्टी या एका शब्दात सुखाने नांदत आहेत. परंतु माणसाच्या मनात त्या तशा सुखाने नांदत नाहीत. मत देण्यापूर्वी श्रद्धावान मनुष्य प्रार्थना करतो, तेव्हा तो देवाला कौल लावीत असतो, की स्वतःचा कौल देण्याची तयारी करीत असतो? या लेखात आम्हांस विचार करावयाचा आहे तो एवढ्याच प्रश्नाचा.

हा प्रश्न आम्हांस ग्रंथ वाचून पडला नाही. खिदिरपुरात राहत असता, आमच्याच एका चुकीमुळे तो पडला. आम्ही मूळचे नगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे. १८३१ साली तेथे आलेल्या अमेरिकन मराठी मिशनने ज्या मंडळ्या उभ्या केल्या, त्यांपैकी एकीत आमचे बालपण गेले. केंद्र सरकारच्या चाकरीने पुढे आम्हांस हुगळीच्या काठी आणून सोडले, आणि बिऱ्हाड मिळाले ते खिदिरपुरात. १८९२ साली उघडलेली येथली गोदी, डायमंड हार्बर रस्त्यावरून बंदराकडे जाणाऱ्या मालमोटारींच्या रांगा, पहाटेची अजान, कालीपूजेचे मंडप, आणि त्या साऱ्यांत सेंट स्टीफन्सचे चर्च व सेंट थॉमस शाळा, असा हा भाग आहे. मायकेल मधुसूदन दत्तांच्या वडिलांचे घर याच खिदिरपुरात होते. १८४३ साली त्या एकोणीस वर्षांच्या मुलाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि घर त्यास अंतरले. बंगाली भाषेस मात्र तो अंतरला नाही. आमच्या नारायण वामन टिळकांचे मराठीशी जे नाते राहिले, तेही असेच. १९७० साली नागपुरास चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हापासून नगरची आमची मंडळी व खिदिरपूरचे हे चर्च एकाच छत्राखाली आहेत. त्यामुळे येथे उपासनेस बसताना भाषा वेगळी वाटली, रीतही थोडी वेगळी वाटली. पण देशासाठी आणि अधिकाऱ्यांसाठी करावयाची प्रार्थना लहानपणापासून ऐकलेलीच होती.

आता ती चूक सांगतो. १७ एप्रिल २०१४ रोजी नगरच्या मतदारसंघात लोकसभेचे मतदान होते. त्या वर्षी उत्तम शुक्रवारच्या आदला गुरुवार नेमका त्याच दिवशी आला होता. संध्याकाळी आम्ही खिदिरपुरास उपासनेत बसलो. प्रभूने कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, तो योहानाच्या शुभवर्तमानातील अध्याय वाचला गेला. निवडणुका शांततेने पार पडाव्यात, देशास सेवाभावी राज्यकर्ते लाभावेत, अशी प्रार्थना झाली, आणि आम्ही मोठ्याने 'आमेन' म्हटले. आमचे नाव नगरच्या यादीत होते. बदली होऊन तिसरे वर्ष चालले होते, तरी ते येथील यादीत आणण्याचा अर्ज आम्ही भरला नव्हता. पुढे १२ मे रोजी खिदिरपुरात मतदान झाले, तेव्हा आम्ही सज्जातून रांग पाहत उभे होतो. नंतरच्या रविवारी चर्चमधील एका वृद्ध बंगाली सेवकाने सहज विचारले, 'भोट दियेछेन, बाबू?' आम्ही यादीची अडचण सांगितली. म्हातारा हसला आणि म्हणाला, 'म्हणजे आपण प्रार्थना केली ती आमच्या मतांसाठी!'

त्याच्या बोलण्यात टोचणी नव्हती. ती आमच्या मनात होती. सैनिकास, आणि परदेशातील वकिलातीत नेमलेल्या सेवकास कायद्याने सेवा-मतदार मानले आहे; त्यांचे मत त्यांच्या गावी पोहोचविण्याची व्यवस्था सरकार करते. आम्हां मुलकी नोकरांस तशी सवलत नाही. जेथे राहतो तेथे नाव नोंदवावे, एवढाच मार्ग आहे, आणि तो फारसा अवघडही नाही. तथापि बदलीवर असलेला मनुष्य स्वतःस पाहुणा समजतो. 'हे आपले गाव नव्हे' असे तो येथे म्हणतो, आणि गावाकडे त्याच्यावाचून सारे चाललेले असते. अशा रीतीने तो दोन्हीकडून सुटतो. आमच्या सुटकेस आम्ही प्रार्थनेचे वस्त्र पांघरले होते, एवढाच काय तो फरक.

प्रार्थनेने कर्तव्याची जागा घ्यावी असे शास्त्रात कोठे सांगितले आहे काय? तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्रात राजांसाठी व सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करावी असा उपदेश आहे. परंतु तो ज्या मंडळीस केला, तिची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. रोमच्या साम्राज्यातील त्या मूठभर लोकांस कैसर कोण व्हावा हे कोणी विचारले नव्हते, विचारणारही नव्हते. त्यांच्या हाती प्रार्थना होती आणि सहन करणे होते. त्यांनी आपल्या हाती होते ते सारे केले. आमच्या हाती आणखी एक गोष्ट आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून या देशात राजा नेमण्याचा अधिकार प्रौढ नागरिकांस मिळाला आहे, आणि ज्या अधिकाऱ्यांसाठी आम्ही दर रविवारी प्रार्थना करतो, त्यांच्यामध्ये एका अर्थी आम्ही स्वतःच येऊन बसलो आहोत. कैसराचे ते कैसरास द्यावे या वचनाचा अर्थ कर भरावा एवढाच आम्हांस पूर्वी वाटे. परंतु आज कैसर कोण? नाण्यावरचा चेहरा आता कोणा एकाचा राहिलेला नाही. मग कैसराचे देणे म्हणजे नागरिकाने नागरिकांस द्यावयाचे देणे, आणि मत हा त्या देण्याचा एक भाग होय. ते न देता देवाचे देणे मात्र भरपूर दिले असे म्हणणाऱ्याचा हिशेब आमच्या हिशेबासारखाच खोटा निघेल.

येथपर्यंतचा विचार सोपा आहे, आणि बहुतेक धर्मगुरू तो व्यासपीठावरून सांगतातच. अवघड भाग पुढे आहे. मत दिलेच पाहिजे हे ठरले. मग ते कोणास द्यावे हे देवास विचारावे काय?

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या आरंभी एक निवडणूक आहे. यहूदाची जागा रिकामी झाली होती. मंडळीने योसेफ बर्सबा व मत्थिया असे दोघे उभे केले, प्रार्थना केली, चिठ्ठ्या टाकल्या, आणि चिठ्ठी मत्थियाच्या नावाची निघाली. आमच्या कोकणी मित्रास हा प्रसंग सांगितला तेव्हा तो लगेच म्हणाला, 'हा तर कौल लावणेच झाले.' खरे आहे. चिठ्ठीत किंवा पाकळीत माणसाचा निर्णय नसतो. तिने चूक केली तर दोष माणसाकडे येत नाही. मत ही चिठ्ठी नव्हे. त्याने चूक केली तर ती देणाऱ्याची चूक असते, आणि तिची फळे शेजाऱ्यालाही भोगावी लागतात. आमच्या नगरकडील मंडळ्यांत हा भेद जुन्या काळापासून पाळला जात आला. त्या मंडळ्यांची मूळ परंपरा काँग्रिगेशनल, म्हणजे सभासदांनी एकत्र बसून, प्रार्थना करून, मग हात वर करून निर्णय घेण्याची. प्रार्थना झाल्यावर प्रत्येकास एकच उत्तर मिळाले पाहिजे असे तेथे कोणी मानीत नसे. सारख्याच भक्तीने गुडघे टेकलेले दोघे उठून परस्परविरुद्ध हात वर करीत, आणि कोणी दुसऱ्यास अविश्वासू म्हणत नसे. म्हणजे प्रार्थनेने उत्तर हाती दिले नाही. तिने उत्तर देणाऱ्याचा लोभ, भीती आणि राग जरा बाजूस सारला. एवढे झाले तरी तिचे काम झाले.

ही मर्यादा ओलांडली की काय होते हे आपला कायदा चांगले ओळखून आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमात भ्रष्ट आचारांची यादी आहे. अमुक मत न दिल्यास देवाचा कोप होईल किंवा धर्माचा दोष लागेल, अशी समजूत मतदाराच्या मनात उत्पन्न करणे हे त्या यादीत गैरवाजवी दडपण म्हणून नमूद आहे. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने राम दयाल विरुद्ध संत लाल या खटल्यात नामधारी पंथाच्या गुरूंनी काढलेल्या हुकमास हेच तत्त्व लावले. येथे कायदा धर्माचा वैरी झाला असे आम्हांस वाटत नाही. उलट, देवाचे नाव धाकासाठी वापरू नये ही दहा आज्ञांतील तिसऱ्या आज्ञेचीच शिकवण नव्हे काय?

परंतु प्रत्येक बाब एवढी सरळ नसते. २०१७ च्या नोव्हेंबरात, गुजरातच्या विधानसभा निवडणुकीपूर्वी, गांधीनगरच्या आर्चबिशपांनी आपल्या लोकांस प्रार्थनेसाठी पत्र लिहिले, आणि तेथील जिल्हाधिकाऱ्यांनी त्याबद्दल त्यांना नोटीस दिली. २०१८ च्या मे महिन्यात दिल्लीच्या आर्चबिशपांनी पुढील वर्षाची निवडणूक डोळ्यांसमोर ठेवून प्रार्थना व शुक्रवारचे उपवास करण्यास सांगितले, आणि त्यावर देशभर वाद झाला. लिहिणाऱ्यांच्या हेतूचा न्याय आम्ही करीत नाही, नोटीस देणाऱ्यांच्याही नाही. आम्ही स्वतःस एवढेच विचारतो की गुडघे टेकताना आमच्या प्रार्थनेत उमेदवाराची जागा रिकामी असते, की तेथे नाव आधीच लिहिलेले असते? 'देवा, न्यायी मनुष्य दे' ही प्रार्थना झाली. 'देवा, अमका पडू दे' हा प्रचार झाला, मग तो डोळे मिटून केलेला का असेना. पहिली प्रार्थना करणारास शेवटी आपल्या विरुद्ध निकालही देवाच्या दयेखाली आहे असे मानता येते. दुसरी करणारास तसे मानता येत नाही. निकाल उलटा लागला की त्याची श्रद्धाच अनामत रकमेप्रमाणे जप्त होते.

पंडिता रमाबाईंची येथे आठवण होते, आणि त्यांचा या शहराशी असलेला ऋणानुबंध पाहता ती व्हावीच. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'सरस्वती' म्हटले; १८८० साली विवाह झाला तो बिपिन बिहारी मेधावी या बंगाली गृहस्थांशी; १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथील ज्या भगिनींनी त्यांस आश्रय दिला, त्यांच्याशीही धर्ममताच्या बाबतीत त्यांचा मोठा पत्रव्यवहार झाला. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून प्रयासाने मान सोडविल्यावर ती दुसऱ्या तशाच जोखडात देण्यास आपण तयार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्या १८८९ च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनास प्रतिनिधी म्हणून गेल्या, तेव्हा हिंदी स्त्रीस मताचा अधिकार मिळण्यास बराच अवकाश होता. श्रद्धा गाढ असावी आणि विवेक गहाण नसावा, या दोन गोष्टी एका व्यक्तीत कशा राहतात हे पाहावयास आम्हां मराठी लोकांस दूर जावे लागत नाही.

आता समाजाच्या मताविषयी. ख्रिस्ती मते एकगठ्ठा पडतात आणि ती पाळकाच्या शब्दावर पडतात, असा समज मराठी मुलुखात जुना आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत घेतले गेले तेव्हा महाराष्ट्रातील विलीनीकरणास १,३८,१७० आणि केंद्रशासित राहण्यास १,७२,१९१ मते मिळाली. त्या निकालाचे खापर ख्रिस्ती मतांवर फोडलेले आम्ही लहानपणी वडीलमंडळींच्या तोंडून ऐकले आहे. परंतु गोव्यात ख्रिस्ती लोक तेव्हाही निम्म्याहून कमी होते; हिंदूंच्या मतांवाचून तो निकाल लागणे शक्य नव्हते. माणसे भाषा, घर, जमीन, भीती, अभिमान अशा अनेक गोष्टी मनात घेऊन मतदानास जातात. बाहेरून पाहणारास मात्र त्यांच्या गळ्यातला क्रूस तेवढा दिसतो.

एकगठ्ठा मताची सोय एकदा आमच्या लोकांस कायद्याने देऊ केली होती, आणि ती त्यांच्या नेत्यांनी परत केली, हे येथे सांगितले पाहिजे. १९३५ च्या कायद्याने हिंदी ख्रिस्ती लोकांस काही प्रांतांत स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. १९४७ च्या ऑगस्टमध्ये घटना समितीने स्वतंत्र मतदारसंघ काढले, पण मद्रास व मुंबई प्रांतांत त्यांच्यासाठी राखीव जागा ठेवण्याचे मान्य केले. घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे कलकत्त्याचे प्राध्यापक आणि धर्माने ख्रिस्ती. १९४९ च्या मे महिन्यात सल्लागार समितीपुढे धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द कराव्यात अशी सूचना त्यांनीच आणली आणि ती मान्य झाली. पुढे ते पश्चिम बंगालचे राज्यपाल झाले. या प्रांतातील पहिली सार्वत्रिक निवडणूक त्यांच्याच कारकीर्दीत झाली. आपल्या धर्माच्या माणसाने धर्माच्या मापाने मोजले जाण्यास नकार द्यावा, याचा आम्हांस अभिमान वाटतो.

परंतु अभिमानाबरोबर हिशेबही पुरा सांगावा. राखीव जागा सोडणे शिकलेल्या, सुस्थित ख्रिस्ती माणसास सोपे होते. आमच्या नगरकडील मंडळ्यांतील बहुसंख्य लोक अस्पृश्य मानलेल्या जातींतून आले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधला गेला. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती लोकांचा झाला नाही. गावाने ज्यास बाप्तिस्म्यानंतरही वेशीबाहेरच ठेवले, त्याने ही तक्रार मनात घेऊन मत दिले, तर तो धर्माच्या नावाने मत देतो असे म्हणावयाचे काय? अभिराम सिंग विरुद्ध सी. डी. कोमाचेन या मुंबईतील निवडणुकीवरून निघालेल्या खटल्यात २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांत याच प्रश्नावर दोन तट पडले. उमेदवाराप्रमाणेच मतदाराच्या धर्माच्या वा जातीच्या नावाने मत मागणेही निषिद्ध होय, असे चौघांनी ठरविले. धर्म, जात, भाषा यांमुळे ज्यांनी अन्याय सोसला, त्यांची गाऱ्हाणी मांडण्यास निवडणुकीत जागा राहिली पाहिजे, अशी उरलेल्या तिघांची चिंता होती.

आम्ही कायदेपंडित नाही, निर्णय चौघांचाच चालतो. पण घरापुरते एक माप आम्ही करून घेतले आहे. ज्या कारणासाठी आम्ही मत देतो, ते कारण खालच्या मजल्यावरील गोदी-कामगार मुसलमान शेजाऱ्यासमोर आणि समोरच्या मिठाईवाल्या बंगाली हिंदूसमोर मोठ्याने सांगता येईल काय? 'आमच्या लोकांवर अन्याय झाला आहे, तो दूर व्हावा' हे सांगता येते. ते ऐकून तोही आपले गाऱ्हाणे सांगेल, आणि संभाषण सुरू होईल. 'आमचा माणूस यावा, तुमचा येऊ नये' हे सांगता येत नाही. ते कुजबुजावेच लागते. जे कारण शेजाऱ्यासमोर उच्चारण्याची लाज वाटते, ते देवासमोर न्यावयाचे कसे?

कारण सांगता येण्याजोगे असावे, याचा अर्थ ते सांगत सुटावे असा मात्र नव्हे. सरकारी नोकरास तर ती मोकळीकच नाही. १९६४ च्या वर्तणूक नियमांतील पाचव्या नियमाप्रमाणे आम्हांस मत देता येते; परंतु ते कोणास देणार किंवा दिले याचा सुगावा कोणास लागू देता येत नाही. नोकरीत लागलो तेव्हा हा नियम आम्हांस तोंड बांधणारा वाटला. आज तो निराळा वाटतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभूने सांगितले की प्रार्थना चव्हाट्यावर करू नये. आपल्या खोलीत जावे, दार लावावे, आणि गुप्तवासी पित्यास प्रार्थना करावी. मतदानकेंद्रात पुठ्ठ्याच्या आडोशामागे आपण उभे राहतो तेव्हा तेथे वरिष्ठ अधिकारी नसतो, पाळक नसतो, जातीचा पंच नसतो, शाबासकी देणाराही कोणी नसतो. श्रद्धावान माणसास ही जागा अनोळखी वाटू नये. दार लावून एकटे उभे राहण्याचा सराव त्यास प्रार्थनेने दिलेलाच असतो. नास्तिकासही ही जागा तितकीच मोकळी आहे, हे तिचे मोठेपण.

आम्ही नाव बदलून घेतले. १९ मे २०१९ रोजी खिदिरपूर ज्यात येते त्या कोलकाता दक्षिण मतदारसंघाचे मतदान झाले, आणि तो रविवार होता. पुढे २०२३ साली मिझोराममधील मतमोजणी रविवारी येत होती, ती तेथील ख्रिस्ती लोकांच्या भावनेसाठी एक दिवस पुढे, ४ डिसेंबरच्या सोमवारी नेण्यात आली. त्या सौजन्याची आम्हांस कदर आहे. परंतु आमच्यापुरते सांगावयाचे तर तो रविवार मोडला असे आम्हांस वाटले नाही. शब्बाथ माणसासाठी आहे, हे आम्ही लहानपणीच शिकलो होतो.

सकाळी सातास केंद्र उघडले तेव्हा आम्ही रांगेत होतो. पुढे बुरखा घेतलेली एक वृद्धा नातवाच्या आधाराने उभी होती, मागे गोदीतला एक बिहारी हमाल. आत बसलेल्या अधिकाऱ्यांकडे पाहून मनात आले की या कामावर आपले किती मराठी बांधव ठिकठिकाणी केंद्राध्यक्ष म्हणून, सूक्ष्म निरीक्षक म्हणून रात्रभर जागले असतील. त्यांची उपासना आज तीच. आडोशामागे गेलो. आदल्या रात्री प्रार्थना केली होती. त्या क्षणी मात्र केली नाही. विचारावयाचे ते विचारून झाले होते, आता उत्तर आम्हीच द्यावयाचे होते.

तेथून थेट चर्चमध्ये गेलो. प्रभुभोजनाच्या वेळी उजव्या तळव्याखाली डावा तळवा धरून वेदीपुढे गुडघे टेकले, तेव्हा डाव्या तर्जनीवरची शाई अजून ओलसर दिसत होती. रांगेत शेजारीच तो म्हातारा सेवक होता. त्याच्याही बोटावर तीच खूण होती. त्याने आमच्या हाताकडे पाहिले, काही बोलला नाही. त्याने कोणास मत दिले हे आम्हांस ठाऊक नाही. बहुधा आमच्या विरुद्धच दिले असावे. भाकर दोघांस एकाच ताटातून मिळाली. मग देशासाठी प्रार्थना झाली, आणि या वेळी आम्ही 'आमेन' म्हटले ते जरा हळू आवाजात म्हटले.